आधी पेडल, मग योक

घरी फ्लाइट सिम्युलेटर सुरू करून महिना-दोन महिने झाले की कीबोर्डचा कंटाळा येतो. बाणांच्या कळा दाबून विमान वळतं खरं, पण आपण ते वळवलं असं वाटत नाही. मग रात्री जेवणं आटोपल्यावर शोधाशोध सुरू होते आणि दोनच दिवसांत प्रश्न पक्का होतो: योक कुठला घेऊ? हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की हल्ली उत्तर देण्याआधी मीच दोन प्रश्न विचारतो. विमान कुठलं उडवणार? आणि पाय कुठे ठेवणार?

पहिल्याचं उत्तर पटकन येतं. दुसरा प्रश्न ऐकून माणूस थांबतो. हा लेख बराचसा त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. सगळे पैसे योकवर घालायचे आणि पेडल घेताना हात आखडता घ्यायचा, ही या छंदातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. मी ती केली आहे आणि तिच्यापायी दीड वर्ष वाया घालवलं आहे.

हे शब्द नवे असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. योक म्हणजे वैमानिकाच्या पुढ्यातलं, वरची कड कापून टाकल्यासारखं दिसणारं चाक. ते फिरवलं की पंख कलतात, स्वतःकडे ओढलं की नाक वर येतं, पुढे ढकललं की खाली जातं. थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी दांडी. पेडल मात्र गाडीच्या क्लच-ब्रेकसारखी नसतात. एक पेडल पुढे सरकवलं की दुसरं तेवढंच मागे येतं, शेपटीवरचा रडर वळतो आणि विमानाचं नाक त्या बाजूला जातं. त्याच पेडलचा वरचा भाग चवड्यानं दाबला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो. म्हणजे एकेका पावलाला दोन-दोन कामं.

विमान आधी ठरवा

'सगळीच विमानं उडवणार' हे उत्तर खरेदीच्या कामाचं नाही. पुढचं वर्षभर सत्तर-ऐंशी टक्के वेळ कुठल्या विमानात जाणार आहे, ते स्वतःला विचारा.

सेसना 172 असेल तर योक हवा. बोइंग 737 असेल तरी योकच हवा. आपल्याकडे अकासा किंवा एअर इंडिया एक्स्प्रेसची 737 मॅक्स पाहून ज्यांना हा नाद लागला, त्यांचं काम योकशिवाय होणार नाही. सिंधुदुर्गला चिपीच्या धावपट्टीवर एटीआर 72 उतरवायचं असेल तरीही योक. पण इंडिगोच्या ए320 वर जीव जडला असेल तर योक घेऊच नका. एअरबसच्या त्या विमानात योक नसतोच. बाजूला छोटी साइडस्टिक असते आणि वैमानिकासमोर जेवणाचा ट्रे उघडता येईल एवढी मोकळी जागा. एअरबससाठी महागडा योक घेतलेले लोक मी पाहिले आहेत. सहा महिन्यांत तो कपाटावर जातो.

वैमानिक होण्याच्या तयारीसाठी मुलगा किंवा मुलगी सिम्युलेटर वापरणार असेल, तर जिथे प्रवेश घ्यायचा आहे तिथे शिकवायला कुठलं विमान आहे ते विचारून घ्या. गोंदियाच्या नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये डायमंड डीए40 हे विमान आहे. डीए40 मध्येही योक नाही. दोन गुडघ्यांच्या मधून वर आलेली स्टिक असते. तिथे जाणाऱ्यानं घरी योकवर हात बसवला, तर पहिल्या दिवसापासून हात चुकीच्या जागी जाणार. घरच्या सिम्युलेटरवरचे तास लायसन्ससाठी धरले जात नाहीत. कमर्शिअल पायलट लायसन्सचे 200 तास खऱ्या विमानाचे आणि काही मान्यताप्राप्त उपकरणांवरचेच असतात. पण सवय मात्र घरून जाते, चांगली असो की वाईट.

आता हातांबद्दल. याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. आपल्या डोळ्यांपुढे लढाऊ विमानाचं चित्र असतं: उजव्या हातात स्टिक, डाव्या हातात थ्रॉटल. बाजारातले जॉयस्टिक-थ्रॉटलचे जोडसंचही त्याच बेतानं बनवलेले असतात. सेसनात किंवा 737 मध्ये डाव्या खुर्चीवर बसलं की डावा हात योकवर आणि उजवा थ्रॉटलवर. ए320 च्या कॅप्टनची साइडस्टिक डाव्या हातात असते. म्हणजे थ्रॉटल तुमच्या उजव्या हाताशी यायला हवा आणि स्टिक घेणार असाल तर ती डाव्या हातानं धरता येईल अशी हवी. थ्रस्टमास्टरच्या टीसीए साइडस्टिकचे हाताकडचे भाग बदलून ती डावखुरी करता येते, त्याच कंपनीच्या टी16000एमचंही तसंच. उजव्या हाताच्या पकडीत घडवलेली स्टिक डाव्या हाताला कधीच नीट बसत नाही. सुरुवातीला डाव्या हातानं उडवणं अवघड वाटेल. पंधरा दिवस नेटानं करा, नंतर उजव्या हातानं उडवणं अवघड वाटायला लागेल.

पाय

सेसना 172 धावपट्टीवर उभं करा आणि थ्रॉटल पूर्ण पुढे ढकला. विमान सरळ जाणार नाही, डावीकडे ओढेल. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. त्यानं मागे लोटलेली हवा पिळासारखी विमानाभोवती फिरत शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि नाक डावीकडे जातं. त्यात पंख्याच्या उलट धक्क्यानं डाव्या चाकावर जास्त भार येतो. 55 नॉटला नाक उचलेपर्यंत उजव्या पायानं हे सगळं सावरत राहावं लागतं, आणि तेही एकदाच दाबून भागत नाही. वेग वाढेल तशी रडरची पकड वाढते, म्हणून पायाचा दाब क्षणाक्षणाला बदलत राहतो.

पेडल नसतील तेव्हा हे काम सिम्युलेटर स्वतःच उरकतो. 'ऑटो रडर' नावाची मदत चालू असते आणि विमान रुळावरून गेल्यासारखं सरळ धावतं. मुठीत पिळता येणारी जॉयस्टिक असेल तर रडर मनगटानं चालतो. सुरुवातीला त्यात काही वाईट नाही. पण पिळताना मूठ थोडी बाजूला झुकते आणि नको असताना पंख कलतात. उतरण्याच्या शेवटच्या दहा सेकंदांत तेच नडतं.

मुंबईची 27 क्रमांकाची धावपट्टी घ्या. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून असतो. 240 अंशांवरून 20 नॉटनं वाहतोय असं धरलं, तर धावपट्टीशी 30 अंशांचा कोन होतो आणि डावीकडून 10 नॉट आडवा वारा लागतो. सेसना 172एसच्या माहितीपुस्तकात 15 नॉटपर्यंतच्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याची नोंद आहे, म्हणजे 10 नॉट हा काही चमत्कार नव्हे. विमान नाक थोडं डावीकडे, वाऱ्याकडे ठेवून तिरकंच येतं. जमिनीला लागण्याआधी उजव्या पायानं नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि त्याच वेळी योक डावीकडे वळवून डावा पंख किंचित खाली धरायचा, नाही तर वारा विमानाला उजव्या कडेकडे नेतो. हात डावीकडे, पाय उजवीकडे. ही उलटी जोडी मनगटाच्या पिळानं कधीच अंगात भिनत नाही. मी दीड वर्ष योक फिरवत होतो आणि आडव्या वाऱ्यात उतरणं जमेना. पेडल आणली आणि तिसऱ्या आठवड्यात जमलं.

ए320 ची गोष्ट थोडी वेगळी. हवेत असताना वळणांचा समतोल संगणक सांभाळतो, पाय निवांत असतात. पण उड्डाणाची धाव, आडव्या वाऱ्यातलं उतरणं आणि एक इंजिन बंद पडणं, या तिन्ही वेळा पायच लागतात. म्हणून एअरबसवाल्यांनी पेडल दुसऱ्या क्रमांकावर ठेवली तर चालेल. सेसनावाल्यांनी पहिल्याच.

घेताना काय पाहायचं? पहिलं, दोन पावलांमधलं अंतर. थ्रस्टमास्टरची टीएफआरपी ही पेडल स्वस्तातली आणि सरकायला सुळसुळीत, पण पावलं फार जवळ येतात. उंच, धिप्पाड माणसाचे गुडघे अवघडतात आणि तासाभरात मांड्या भरून येतात. लॉजिटेकची पेडल रुंद आहेत आणि मधलं मोठं चाक फिरवून सरकण्याचा ताठरपणा बदलता येतो, मात्र मध्यबिंदूपाशी ती जरा अडखळतात. दुसरं, पाय जड असूनही चवड्याचा ब्रेक चुकून लागत नाही ना ते पाहा. ब्रेकची स्प्रिंग फार मऊ असेल तर रडर देताना ब्रेकही लागतो आणि विमान धावपट्टीवर का रखडतंय ते कळत नाही. टाच जमिनीवर टेकवून, बोटांनी पेडलचा खालचा भाग ढकलण्याची सवय लावा, पाय वर फक्त ब्रेकसाठी न्या. तिसरं, वजन. पेडल जितकी जड तितकी चांगली. थ्रस्टमास्टरची टीपीआर जुन्या झोपाळ्यासारखी वरून टांगलेली आहेत आणि ती वापरून पाहिल्यावर बाकीची खेळण्यातली वाटतात, पण किंमतही तशीच आहे.

वजनाचं महत्त्व मला आमच्या हॉलच्या लादीनं शिकवलं. पेडल आली त्या संध्याकाळी मी ब्रेक दाबला आणि विमान थांबण्याऐवजी मीच मागे गेलो. खुर्ची चाकांची, लादी गुळगुळीत. विमान धावपट्टीच्या टोकाकडे चाललंय आणि मी शोकेसकडे! पुन्हा खुर्ची पुढे ओढली, तर आता पेडल पुढे सरकली. तीन दिवस असेच गेले. शेवटी सुताराकडून प्लायवूडची एक फळी कापून आणली. पुढच्या टोकाला पेडल स्क्रूनं बसवली, मागच्या टोकाला खुर्चीची पुढची चाकं अडतील अशी पट्टी ठोकली आणि फळीखाली रबरी चटई घातली. आता मी पाय ढकलतो तेव्हा तो जोर माझ्याच खुर्चीच्या वजनानं तोलला जातो. फळी करायची नसेल तर साध्या चार पायांच्या खुर्चीवर बसा, किंवा पेडल आणि खुर्चीचा दांडा न ताणणाऱ्या पट्ट्यानं बांधा. पेडलच्या पुढची कड भिंतीला टेकवली तरी निम्मं काम होतं. शक्यतो अनवाणी बसा, मोजे घातले तर पाय घसरतात.

थ्रॉटल

यात फार डोकं खर्च करू नये असं माझं मत आहे. सेसना 172 मध्ये थ्रॉटल म्हणजे डॅशबोर्डमधून बाहेर येणारा काळा दट्ट्या, त्याशेजारी इंधन-हवेच्या मिश्रणाचा लाल. पंख्याची पाती वळवता येणाऱ्या विमानांत त्यांच्या मध्ये निळा असतो. हे रंग जगभर बहुतेक ठिकाणी तेच. तंतोतंत तसे दट्टे असलेली उपकरणं मिळतात, पण ती महाग असतात आणि दुसऱ्या विमानात निरुपयोगी. तीन दांड्यांचा साधा क्वाड्रंट पुरतो. लॉजिटेकच्या योकसोबत तो खोक्यातच येतो, त्यामुळे सुरुवात करणाऱ्याचा एक खर्च वाचतो.

हनीकोम्बचा ब्राव्हो हा या वर्गातला सगळ्यांचा लाडका. सहा दांड्या, त्यांच्या मुठी विमानानुसार बदलता येतात, शिवाय ऑटोपायलटची बटणं, फ्लॅपची दांडी, चाकांची दांडी आणि ट्रिमचं चाक. आज सेसना आणि उद्या 737 असा ज्यांचा बेत पक्का आहे त्यांनी तो घ्यावा. फक्त सेसनासाठी घेतला तर निम्म्या दांड्या वर्षभर धूळ खात उभ्या राहतील.

जेटविमानांत एक फरक लक्षात ठेवा. 737 मध्ये ऑटोथ्रॉटल चालू असला की दांड्या आपोआप पुढेमागे होतात. घरच्या दांड्या होत नाहीत. त्यामुळे उतरताना ऑटोथ्रॉटल बंद केला की तुमची दांडी एका जागी आणि सिम्युलेटरमधली दुसऱ्या जागी असते, आणि इंजिनाचा जोर एकदम उसळतो किंवा कोसळतो. बंद करण्याआधी दांडी अंदाजानं जुळवून घ्यायची सवय लावा. एअरबसमध्ये ही अडचण येतच नाही. तिथे दांडी 'क्लाइम्ब'च्या खाचेत ठेवली की ती तिथेच राहते आणि जोर आत संगणक बदलतो. म्हणून थ्रस्टमास्टरचा टीसीए एअरबस क्वाड्रंट त्या पैशांत खऱ्याच्या फार जवळ जातो. रिकामी चाल, क्लाइम्ब, फ्लेक्स आणि टोगा या खाचा बोटांना लागतात. फक्त सिम्युलेटरला त्या खाचा दाखवून द्याव्या लागतात. फ्लायबायवायरचं मोफत ए32एनएक्स आणि फेनिक्सचं ए320 या सिम्युलेटरमध्ये वेगळ्या घालायच्या विमानांत त्यासाठी कॉकपिटातल्या टॅब्लेटवर वेगळं पान आहे. दहा मिनिटांचं काम आहे, पण न करता उड्डाण केलं तर क्लाइम्बच्या खाचेत दांडी असूनही विमान 'थ्रस्ट लिव्हर हलवा' म्हणून बजावत राहतं.

योक, शेवटी

इथवर आलात तर योकवर किती पैसे घालायचे ते आपोआप ठरतं.

आधी तो किती फिरतो ते पाहा. लॉजिटेकचा योक मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण 45 अंश फिरतो. हनीकोम्बचा अल्फा 90-90 अंश, म्हणजे एकूण 180. फिरण्याचा पल्ला कमी असला की हात एवढासा हलला तरी पंख जास्त कलतात, आणि उतरताना हव्या असलेल्या बारीक दुरुस्त्या अवघड होतात.

मग योक मध्यावरून हळूच पुढेमागे करून बघा. काही योकना मध्यबिंदूवर खाच असते. हात सोडला की योक बरोबर मध्यावर बसावा, हा हेतू. पण उतरताना आपलं सगळं काम मध्याच्या आसपासच असतं. खाचेतून बाहेर काढायला जरा जोर लावला की तो जास्तच बाहेर येतो आणि विमान मासोळीसारखं वरखाली उसळतं. लॉजिटेकच्या योकबद्दलची बहुतेकांची तक्रार हीच. थ्रस्टमास्टरचा बोइंगच्या धाटणीचा योक पेटीतून दांडा आत-बाहेर न सरकवता लंबकासारखा डोलतो, म्हणून त्याची चाल मऊ आहे. टर्टल बीचच्या व्हेलॉसिटीवन फ्लाइटमध्ये योक आणि थ्रॉटल एकाच संचात येतात, आणि तो एक्सबॉक्सवरही चालतो. एक्सबॉक्सवाल्यांनी खोक्यावर कन्सोलचं नाव लिहिलेलं आहे का ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नाव सारखं असूनही काही उपकरणं फक्त संगणकावर चालतात.

आतला सेन्सर कुठल्या जातीचा आहे तेही विचारा. स्वस्त उपकरणांत पोटेन्शिओमीटर असतो. आपल्या जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. नवं असताना सुरेख चालायचं, आणि काही वर्षांनी फिरवलं की खर्रर्र व्हायचं. हेही त्याच जातीचं. कार्बनच्या पट्टीवर घासत जाणारं टोक आणि मध्ये साचणारी धूळ. हॉल इफेक्ट सेन्सरमध्ये चुंबक असतो आणि काहीच घासत नाही. कोकणात, मुंबईत, दमट हवेत राहणाऱ्यांनी शक्य असेल तर हॉल इफेक्टच घ्यावा.

मी माझा पहिला योक जुन्यात घेतला होता. विकणाऱ्यानं 'फक्त चारदा वापरलाय' म्हणून सांगितलं. घरी आणून दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी पुण्यात उतरताना, जमीन दोनशे फुटांवर असताना, विमानानं आपणहून मान खाली टाकली. हात स्थिर होता. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग विंडोजच्या शोधचौकटीत जॉय डॉट सीपीएल टाइप करून गेम कंट्रोलरची खिडकी उघडली आणि योक अगदी सावकाश पुढे नेला. चौकटीतलं फुलीचं चिन्ह गुळगुळीत सरकायला हवं होतं. ते एका ठरावीक जागी पोचलं की एकदम कोपऱ्यात उडी मारायचं आणि परत यायचं. आतली पट्टी तिथे झिजली होती. म्हणून जुनं उपकरण घेताना विकणाऱ्याच्याच संगणकावर ही खिडकी उघडायला सांगा. प्रत्येक अक्ष या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेकंद लावून फिरवा. फुली थरथरली किंवा उडाली, तर किंमत कितीही उतरवली तरी नको म्हणा.

परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवणाऱ्यांनी वॉरंटी कुठल्या देशापुरती आहे ते आधी विचारा. आणि येणाऱ्या माणसाला खोक्याचं माप कळवा. योक आणि क्वाड्रंट मिळून एका मोठ्या बॅगेचा निम्मा भाग खातात.

ट्रिमचं एक कोडं

घरच्या योकला आत स्प्रिंग असते, ती त्याला नेहमी मध्यावर ओढते. खऱ्या विमानात असं नसतं. तिथे योकची विश्रांतीची जागा वेगानुसार आणि ट्रिमनुसार, म्हणजे हातावरचा दाब घालवणाऱ्या सोयीनुसार, बदलते. वैमानिक योक हव्या त्या जागी धरतो आणि हाताला दाब लागेनासा होईपर्यंत ट्रिम फिरवतो. मग योक त्याच जागी आपोआप राहतो.

घरी याच्या उलट. योक ओढून धरा, विमान हव्या त्या स्थितीत स्थिर करा, मग ट्रिम थोडं फिरवा आणि तेवढाच योक मध्याकडे सैल सोडा. पुन्हा थोडं ट्रिम, पुन्हा थोडं सैल. असं करत करत योक मध्यावर आला आणि विमान हललं नाही की ट्रिम जमलं. हे न कळल्यामुळे नवी माणसं ट्रिमच्या चाकानंच विमान वरखाली करत बसतात. 74 नॉटवर सेसना चढतं ठेवून हा सराव करा. फोर्स फीडबॅकचे योक खऱ्या विमानासारखे वागतात, मोझाने तसा एक काढला आहे, पण पहिल्या खरेदीत त्याचा विचार नको. ट्रिमसाठी बटणापेक्षा चाक चांगलं. योकवरच्या बटणानं ट्रिम ठरावीक टप्प्यांनी सरकतं आणि नेमकी जागा सापडत नाही.

टेबल मोजा

पैसे भरण्याआधी टेप घेऊन टेबलापाशी बसा. योक टेबलाच्या कडेला शिकंज्यानं आवळायचा असतो. कडेखाली ड्रॉवर असेल, तिरकी पट्टी असेल, किंवा वर काच असेल तर तो बसत नाही. काचेच्या टेबलावर तर आवळूच नका. आवळल्यावर शिकंज्याचा खालचा भाग मांडीला लागतो का, पेडल दाबताना गुडघा त्याला आपटतो का, ते आधीच पाहा. योकचा दांडा ओढल्यावर वीतभर तुमच्याकडे येतो, म्हणजे पोट आणि टेबल यांच्यात तेवढी जागा हवी. स्क्रीन योकच्या पेटीमागे जाते, त्यामुळे टेबल खोल नसेल तर स्क्रीन भिंतीवर बसवावी लागते.

टेबल जेवणाचंच असेल, आणि अनेकांच्या घरी ते तेच असतं, तर रोज लावणं-काढणं अटळ आहे. मग दोन मिनिटांत लागेल आणि दोन मिनिटांत निघेल असंच उपकरण घ्या. स्क्रू घट्ट करायला दरवेळी पाना लागत असेल तर महिन्याभरात तुमचं उडणं आठवड्यातून एकदावर येतं. काढून ठेवताना त्यावर सुती कापड टाका.

लावल्यानंतर

नवं उपकरण जोडलं की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर त्याला आपल्या समजुतीनं कामं वाटून देतो. एकच काम दोन उपकरणांना दिलं जातं आणि मग रडर थरथरायला लागतो किंवा थ्रॉटल अर्ध्यावर अडकतो. जुन्या जॉयस्टिकच्या पिळावरचा रडर काढून टाका. प्रत्येक अक्षाला एकच मालक ठेवा. एक्स-प्लेन वापरत असाल तर तिथे उपकरण टोकापासून टोकापर्यंत हलवून कॅलिब्रेशन करून घ्यायला तो स्वतःच सांगतो. तो टप्पा टाळू नका.

डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीचा मुका भाग, जमेल तितका कमी ठेवा. फुली आपोआप थरथरत असेल तेवढ्यापुरताच वाढवा. संवेदनशीलतेच्या वक्ररेषेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: योक 180 अंश फिरत असेल तर सरळ रेषाच ठेवा. कमी फिरणारा असेल तर मध्य थोडा मऊ करा, पण फार नको, नाही तर टोकाजवळ विमान अचानक जागं होतं. उपकरणं अधूनमधून आपोआप बंद पडत असतील तर विंडोजमधली यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करा आणि तिन्ही उपकरणं स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या हबला जोडा.

पहिल्या आठवड्यात लांब प्रवास करू नका. सेसना 172, स्वच्छ हवा, वारा शून्य, ऑटो रडर बंद. धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर उभे राहा, टाच खाली, थ्रॉटल सावकाश पूर्ण पुढे, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर. 55 नॉटला नाक उचला, हजार फुटांपर्यंत चढा, थांबवा, पुन्हा सुरुवातीला या. अशी दहा उड्डाणं. मधली रेषा दहाच्या दहा वेळा दोन चाकांच्या मध्ये राहिली की डावीकडून 5 नॉट वारा लावा आणि पुन्हा दहा. मग उजवीकडून. उजवीकडचा वारा आधी सोपा वाटेल, कारण विमान आधीच डावीकडे ओढतं आणि वारा शेपटीला ढकलून नाक स्वतःकडे, म्हणजे उजवीकडे वळवतो. डावीकडच्या वाऱ्यात दोन्ही एकाच दिशेला ओढतात, आणि तिथे उजव्या पायाला किती काम आहे ते कळतं. 8 नॉटपर्यंत हे जमलं की मग उतरायला लागा.